हौदाच्या रानातलं रोम

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमच्या वाट्याला धान आलं आणि पाहण्यासारखं सगळं तिकडे गेलं, अशी आमच्या मुख्याध्यापकांची कायमची तक्रार होती. नवेगावबांधचा तलाव तिकडे, नागझिऱ्याचं बरंचसं जंगल तिकडे. हे गृहस्थ मूळचे नागपूरचे, म्हणजे त्यांचं स्वतःचं काहीही कुठेही गेलेलं नव्हतं. तरीही दर पंधरा दिवसांनी ते स्टाफरूममध्ये उसासा टाकून विचारायचे, "आपल्याकडे उरलं काय, मॅडम?"

"पवनी आहे की, सर," मी म्हणायचे.

"एकटी पवनी किती ठिकाणी पुरणार?"

जिल्हा फुटून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा एक कागद आला. नव्या जिल्ह्याची माहितीपुस्तिका निघणार आहे, सबब प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातलं एक ऐतिहासिक किंवा प्रेक्षणीय स्थळ शोधून माहिती पाठवावी. मी इतिहास शिकवायचे. कागद सरांच्या टेबलावरून माझ्या टेबलावर आला आणि त्या दिवसापासून सरांना रात्रीची झोप शांत लागू लागली. माझी मात्र गेली.

आमचं गाव अड्याळहून आसगावकडे जाताना आत वळल्यावर लागतं. तलाव, तलावाची पाळ, धानाच्या बांध्या, एक मारुतीचं देऊळ, एक बुद्धविहार, आणि शाळेकडे जाणारा एक रस्ता, ज्यात पावसाळ्यात चप्पल जायची ती दिवाळीला परत मिळायची. यातलं प्रेक्षणीय काय म्हणून लिहायचं? मी रस्ता लिहिणार होते. सरांनी नको म्हटलं.

पुढचं समजायला माझी एक खोड सांगायला हवी. मला गरम पाण्याचं वेड आहे. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढले. वडील फॅक्टरीत होते. सकाळी भोंगा व्हायचा, बस यायची, आणि त्याआधी एका बालटीत बुडवलेल्या एका रॉडवर आम्हा पाच माणसांची आंघोळ व्हायची. ज्याचा नंबर शेवटी त्याला कोमट. मी सगळ्यांत धाकटी, म्हणजे जन्मतः कोमट. कॉलनीच्या वाचनालयात एक जाडजूड चित्रांचं पुस्तक होतं, त्यात रोमन लोकांच्या स्नानगृहाचे अवशेष होते. खाली विटांचे बुटके खांब ओळीनं उभे, त्यांच्यावर फरशी, खांबांमधून आगीची ऊब फिरायची आणि वरची फरशी तापायची. एक हौद गरम, एक कोमट, एक थंड. ज्या लोकांनी कोमट पाण्याला वेगळा हौद दिला, ते लोक मला फार मोठे वाटले. ते पान मी इतक्या वेळा उघडलं होतं की पुस्तक हातात घेतलं की आपोआप तिथंच उघडायचं.

लग्न होऊन या गावी आले तर न्हाणी म्हणजे चार बल्ल्या आणि भोवती पोती. नवरा पवनीला नोकरीला, तो थंड पाण्यानं आंघोळ करून 'हर हर' न करताच निघून जायचा, कारण दात वाजत असायचे. माझ्यासाठी मात्र सासूबाई पहाटे चुलीवर गंज, म्हणजे पाण्याचं मोठं पातेलं, ठेवायच्या. मी उठले की म्हणायच्या, "उठली का राणी? पानी तापलं." स्वतः थंड ओतून घ्यायच्या. मी सुरुवातीला फार संकोचले. म्हटलं, "आई, तुम्ही घ्या ना गरम."

"माह्या वाट्याचं गरम पानी मी कवाच वापरून टाकलं," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

सासूबाईंची ही तऱ्हाच होती. काहीतरी बोलायच्या, हसायच्या आणि पुढचं गिळून टाकायच्या. मी ते टोमणे समजून फार दिवस मनात धरून बसले होते. चार वर्षं मी त्यांच्या हातचं तापलेलं पाणी वापरलं आणि त्या वाक्याचा अर्थ एकदाही विचारला नाही. इतिहासाची शिक्षिका!

तर तो कागद आला, आणि त्याच आठवड्यात मुली मला बोरं खायला हौदाच्या रानात घेऊन गेल्या. तलावाच्या पाळीपलीकडे पळसाचा आणि बोरीचा झाडोरा आहे, त्याला गावात हौदाचं रान म्हणत. मी तिकडे कधी गेले नव्हते. झुडपं बाजूला करून मुली पुढे गेल्या, मी मागून गेले आणि थबकले. पुढे विटांचा एक मोठा चौकोनी हौद होता, आत उतरायला तीन पायऱ्या. शेजारी दुसरा, लहान. त्याच्यापुढे एक लांबरुंद फरशी अर्धी खचलेली, आणि खचलेल्या जागी खाली विटांचे बुटके खांब. ओळीनं उभे. काजळलेले.

मी मटकन खाली बसले. बोरीच्या काट्यांवर बसले हे मला घरी गेल्यावर कळलं.

"मॅडम, थे भट्टी होये," एक मुलगी म्हणाली.

"अगदी बरोबर!" मी ओरडले. "भट्टीच! खालून आग, वरती फरशी! तुला कोणी सांगितलं?"

"माह्या आज्यानं."

"पाहा! गावाच्या स्मरणात आहे हे!" मी बाकीच्या मुलींना म्हटलं. त्या बोरं खात माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या पोरीनं खरं काय ते पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं होतं. पण मी शिक्षक आहे, मुलांचं उत्तर मला हवं तसंच ऐकू येतं.

संध्याकाळी सासूबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. मी विचारलं, "आई, हौदाच्या रानात पूर्वी काय होतं?"

त्यांचं सूप थांबलं. "काहून?"

"सहज विचारते."

त्यांनी सूप खाली ठेवलं, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "आंग धुवाची जागा होये थे."

माझ्या अंगावर काटा आला. बोरीचे आधीच होते. "कोणाची?"

"बायांची."

"किती जुनी?"

"जुनी. बहुत जुनी." मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं आजवर कधी पाहिलं नव्हतं. "पन थे तोडून राहिले ना आता. सरपंच म्हने, तिथच्या इटा शाळेच्या रस्त्यात टाकाच्या. मास्तरीन, थो हौद तुटला नाई पायजे. तुह्या कागदात लिव."

या बाईनं चार वर्षांत माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. पगारातली साडी घेतली तर म्हणायची, कायले आनली. आता एक हौद मागत होती. मी छाती काढून म्हटलं, "आई, तो हौद तुटणार नाही. शब्द देते." मला वाटलं, केवढी ही माउलीला आपल्या वारशाची जाण!

मग मी जे केलं ते आज सांगताना कान तापतात. मी मुलींकडून टेपनं मापं घेतली. खांब मोजले. नकाशा काढला. पवनीला दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप आहेत, म्हणजे माणसं होती, म्हणजे व्यापार होता, वैनगंगा तर आहेच, म्हणजे रोमचा एखादा व्यापारी इथवर येऊ शकतो, आणि इतका लांबून आलेला माणूस पहिली गोष्ट काय मागेल? आंघोळ. झालं! एका सासूची साक्ष आणि एका पुस्तकातलं चित्र, एवढ्या शिदोरीवर मी रोमचं साम्राज्य आमच्या तलावाच्या पाळीपर्यंत आणून सोडलं. सरांनी अहवाल वाचला आणि उभे राहिले. "मॅडम," ते म्हणाले, "गोंदियाकडे हे नाही."

अहवाल जिल्ह्याला गेला, पाहणीला साहेब येणार असं कळलं, आणि सरपंचांना भेटायला मी स्वतः गेले. ते ओसरीत बसले होते आणि आत दारापाशी त्यांची आई बसली होती. या बाईविषयी सांगायला हवं. तिचा गावात मोठा दरारा. आपण जन्मात दुसऱ्याच्या कामावर पाय ठेवला नाही, असं ती येताजाता सांगायची. विहारामागच्या आमच्या वस्तीत मयतीला किंवा लग्नाला आली तर अंगणातच उभी राहायची आणि पाणी पुढे केलं की म्हणायची, आत्ताच पिऊन आली. मी आल्यापासून ती आमच्या दारात तीनदा आली असेल आणि तीनही वेळा आत्ताच पिऊन आली होती. सासूबाई त्यावर नुसत्या हसायच्या.

सरपंचांनी माझं सगळं ऐकून घेतलं. हनुवटी खाजवली. "रोमचे लोक आपल्या गावात आंग धुवाले आले होते?"

"शक्यता आहे."

"कायनं आले?"

"सरपंचसाहेब!"

"नाई, पुसलं." ते गंभीर होते. डोळे सोडून. "पाहा मॅडम, रस्ता तुमच्याच शाळेचा आहे. पोट्टे चिखलात पडून राहिले. इटा मले पायजे. पन जिल्ह्यावरून साहेब पाहाले येऊन राहिले म्हनता, तं थांबतो. साहेबानं पुस्तकात घेतलं तं हौद तुमचा. नाई घेतलं तं सोमवारी ट्रॅक्टर."

आतून त्यांची आई एकाएकी म्हणाली, "तोडून टाक थे. कायले ठेवतं? साप राह्यते तिथं."

मला तिचा राग आला. मी मनात म्हटलं, काही लोकांना इतिहासाचं मोल नसतं.

बोर्ड रंगवायचं काम गावातल्या पेंटरला दिलं. खताच्या दुकानांपासून लग्नाच्या भिंतींपर्यंत सगळं तोच लिहायचा. 'प्राचीन रोमन स्नानगृहाचे अवशेष' एवढंच लिहायला सांगितलं होतं. त्यानं कोपऱ्यात आपल्या मनानं एक रोमन काढला. रोमनला झुपकेदार मिशा होत्या आणि खांद्यावर पंचा होता. मी म्हटलं, रोमन असे नसतात. तो म्हणाला, "मॅडम, आंग धुवाले आला तं दुपट्टा आननच."

त्या आठवड्यात सासूबाई रोज संध्याकाळी स्वयंपाक करताना मला रोमविषयी विचारायच्या. आजवर त्यांनी मला इतिहासातला एक प्रश्न विचारला नव्हता.

"तिथच्या बायाबी आंग धूत होत्या का?"

"हो, त्यांच्या वेळा वेगळ्या असायच्या."

"सगळ्या एकाच हौदात?"

"एकाच. मोठ्या घरच्या, साध्या घरच्या, बहुतेक सगळ्याच."

"आन पाठ?"

"पाठ काय?"

"पाठ कोन घासून दे?"

"गुलाम असायचे. नसले तर एकमेकींची घासत असतील."

भाकर तव्यावर टाकत त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "मंग घरी जाऊन सांगत होत्या का?"

"हे पुस्तकात नाही, आई."

"नसंनच," त्या म्हणाल्या.

साहेब आले तो दिवस थंडीचा होता. हौदाच्या रानातली झुडपं कापली होती, रांगोळी होती, खुर्च्या होत्या. बाप्ये तर आलेच, पण मोहाच्या झाडाखाली गावातल्या म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या, नेहमीपेक्षा फार जास्त. ग्रामसभेला बोलावलं तरी ज्या येत नाहीत त्या आज न बोलावता आल्या होत्या. सरपंचांच्या आईला पुढे खुर्ची दिली होती. आमच्या वस्तीतल्या बाया जरा अंतर ठेवून, त्यांच्यात सासूबाई. मला धन्य वाटत होतं. वारशाला केवढी गर्दी!

साहेब किडकिडीत होते, गळ्यात मफलर. त्यांनी मला मनसोक्त बोलू दिलं. मी गरम हौद दाखवला, कोमट दाखवला, थंड हौद सापडत नव्हता तेव्हा तलावाकडे बोट दाखवलं. साहेबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, खचलेल्या फरशीपाशी उकिडवे बसले आणि खांबांमध्ये हात घालून मूठभर काळं बाहेर काढलं. बोटांनी चोळलं. हुंगलं. मग ती मूठ माझ्यापुढे धरली. "वास घ्या, मॅडम."

मी घेतला. तो वास मला माहीत होता. आमच्या घरी भांडी त्याच राखेनं घासतात.

"धानाचा जळका भुसा आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले. माणूस चांगला होता, त्याला माझी दया येत होती. "तुमसरजवळ माझ्या मामाची उसन्याची मिल होती. धान गरम पाण्यात भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. हे हौद भिजवायचे. पावसाळ्यात धान वाळत नाही म्हणून ही अशी खालून तापणारी फरशी. मी लहानपणी हिच्यावर खेळलोय. रोमन नाही, मॅडम. उसन्याची मिल आहे ही. तीस-पस्तीस वर्षांमागं बंद झाली असेल."

आधी कोणीतरी खाकरलं. मग कोणीतरी फिस्स केलं. आणि मग अख्खं गाव हसलं. पोटभर, आठवडाभर दाबून ठेवलेलं. सर माझ्या शेजारी उभे होते, ते चार पावलं सरकले आणि पळसाचं पान निरखू लागले.

माझं डोकं सणकलं. मी गर्रकन वळले. "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

पेंटर पुढे आला. "मॅडम, मी तं इथंच धान भिजवत होतो."

"मग बोर्ड कशाला रंगवला?"

"तुमी सांगतला म्हून."

सरपंच म्हणाले, "मले वाटलं, तुमच्या पुस्तकात मिलच्या आगुदरचं काई असंल. शिकल्या माणसाले कोन अडवते?" मग साहेबांकडे पाहून, "तं साहेब, पुस्तकात घेता येत नाई ना?"

साहेबांनी वही मिटली. "नाही घेता येत."

"मंग सोमवारी ट्रॅक्टर," सरपंच म्हणाले.

मी सासूबाईंकडे पाहिलं. मला त्यांचाही राग आला होता, कारण त्यांनीच मला आंघोळीची जागा म्हणून सांगितलं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि राग कुठल्या कुठे गेला. त्या हौदाकडे पाहत होत्या. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, बायांमधून वाट काढत पुढे आल्या आणि हौदाच्या काठावर बसल्या. स्वतःच्या ओट्यावर बसतात तशा.

"मास्तरीन खोटं नाई बोलली," त्या म्हणाल्या. "मीच सांगतलं तिले. आंग धुवाची जागाच होये हे."

हसू थांबलं.

"साहेब, तुमच्या मामाले मालूम नसंन. भट्टी इझवली का हौदात गरम पानी उरे. मालक म्हने, नालीत सोडून द्या. आमी कायले सोडतो? बांबूचा टट्टा आडवा लावून घ्यावं आन सगळ्या बायानं हौदात उतरावं. दिवसभर भुसा आंगाले चिकटे, खाज सुटे. आन घरी गरम पानी कोनाले होतं? बाळंतपनातच मिळे. हौद एक. त्यात आमच्या मोहल्ल्यातल्याबी होत्या आन गावातल्याबी. कोन कोनची हे पुसत बसलं असतं तं पानी थंडं होऊन गेलं असतं."

हे बाहेरून ऐकणाऱ्यासाठी सांगते. त्या काळी आमच्या गावात विहिरी दोन होत्या. आमच्या बायांनी गावच्या विहिरीला हात लावायचा नव्हता आणि गावच्या बायांनी आमच्या घरचं पाणी प्यायचं नव्हतं. आणि रोज संध्याकाळी त्याच सगळ्या बाया एका हौदात बसत होत्या.

"निंगताना किरिया-शपथ घेतली होती," सासूबाई म्हणाल्या, "का घरी कोनी सांगाचं नाई. सांगतलं असतं तं मार पडला असता, काम सुटलं असतं. आमी नाई सांगतलं. मिल बंद झाली तरी नाई. माह्या जन्मात मी तितकीच वर्सं गरम पान्यानं आंग धुतलं, आन तितकीच वर्सं कोनी माह्यापासून दूर नाई बसलं. म्हून म्हनतो, हौद तोडू नका. बाकी इटा न्या."

मोहाखाली एकही म्हातारी हलली नाही. कोणी पदर सावरत होती, कोणी जमिनीवर काडीनं रेघा मारत होती. सासूबाई काठावर एकट्या बसल्या होत्या. मला त्या क्षणी रोमही नको होतं आणि पुस्तिकाही नको होती. त्या मोहाखालच्या बायांपैकी एकीनं, कोणी का असेना, फक्त हो म्हणावं एवढंच हवं होतं.

"मावशी," सरपंच म्हणाले, आवाज उतरला होता, "कोन कोन होत्या मंग? नावं सांगा."

"नावं नाई सांगत," सासूबाई म्हणाल्या. "किरिया अर्धीच तोडली."

साहेबांनी वही उघडावी की नाही ते त्यांना कळेना.

तेवढ्यात खुर्ची वाजली. सरपंचांची आई उठली होती. तीच, जन्मात दुसऱ्याच्या कामावर पाय न ठेवलेली. काठी टेकत ती हौदापाशी आली, लेकाकडे न पाहता म्हणाली, "अर्धी तिनं तोडली, अर्धी मी तोडतो. हिची पाठ मी घासत होतो. खोटं वाटत असंन तं पाहा, डाव्या खांद्यावर तीळ आहे हिच्या, हरभऱ्याएवढा."

सासूबाईंनी झटकन पदर ओढला. "सांगू का तुह्या कुठं आहे थे?"

"चूप बस वो! पोट्टे आहेत!"

आणि मग मोहाखाली जे हसू फुटलं ते मघाच्या हसण्यासारखं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, मीबी होतो. दुसरी म्हणाली, तू तं निंगतच नव्हती पान्यातून, ओढून काढा लागे. तिसरीनं सांगितलं की टट्ट्यापाशी पहारा द्यायचा नंबर नेहमी तिच्याच माथी यायचा आणि त्याचा राग तिला अजून आहे. बाप्ये एकमेकांची तोंडं पाहू लागले. आपापल्या आया, काकू, सासवा त्यांना अनोळखी वाटत असाव्यात. सरपंचांचा चेहरा तर पाहण्यासारखा झाला होता. जिल्ह्याला प्रेक्षणीय स्थळ हवंच होतं.

पुस्तिकेत आमचं गाव आलं नाही. साहेबांनी जाताना मला सांगितलं की असं काही लिहायला त्यांच्या तक्त्यात रकाना नाही. पण सोमवारी ट्रॅक्टर आला तो मुरूम घेऊन आला, आणि फरशीच्या विटा नेल्या तरी हौदाला कोणी सब्बल लावली नाही. आईनं घासलेल्या पाठीचा विषय काढायची सरपंचांची हिंमत नव्हती. बोर्डावरचे 'प्राचीन रोमन' हे दोन शब्द पेंटरनं पांढऱ्या रंगानं बुजवले. तेवढ्यात त्याचा रंग संपला, म्हणून मिशीवाला राहिला. अजून 'स्नानगृहाचे अवशेष' या अक्षरांशेजारी तो पंचा घेऊन उभा आहे.

मला वर्गात काही दिवस 'रोम मॅडम' म्हणत. ते मी सोसलं. ते वाक्य मात्र सोसवत नव्हतं. माह्या वाट्याचं गरम पानी मी कवाच वापरून टाकलं. या बाईला माहीत होतं गरम पाणी म्हणजे काय, आणि ते ती चार वर्षं रोज माझ्या न्हाणीत आणून ठेवत होती. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी त्यांच्याआधी उठले. चूल पेटवायला मला अर्धा तास लागला, धुरानं घर भरलं, पण गंज तापवला. त्या उठून आल्या आणि चिडल्या. "काहून उठली तू? आन हे काय, सरपन कोन असं लावते?"

"आई, आजपासून तुमच्या वाट्याचं पाणी मी तापवणार."

"मले नाई पायजे. मले सवय आहे थंड्याची."

आमचं हे भांडण चाललं असताना अंगणात काठी वाजली. सरपंचांची आई उभी होती. उजाडलेलं होतं, अख्खी वस्ती उठलेली होती, समोरच्या घरातली माणसं दातण करत उभी होती, आणि त्या सगळ्यांसमोरून ती चालत आली होती. काखेत लुगडं होतं, हातात पाठ घासायची दगडाची वजरी. यावेळी ती अंगणात थांबली नाही. सरळ ओटा चढून आत आली आणि गंजाकडे पाहिलं.

"तापलं का पानी?"

सासूबाई चुलीतलं सरपण उगाच पुढे सारू लागल्या.

"तापलं," मीच म्हणाले. "आधी पाणी देऊ का? प्यायला?"

"दे ना," ती म्हणाली. "घरून तशीच निंगाली."

तिनं तांब्या तोंडाला लावला आणि पूर्ण प्यायली. मग दोघी न्हाणीकडे निघाल्या. मी गंज उचलून मागोमाग गेले, पाणी ओतलं, आणि तशीच उभी राहिले. आतून सासूबाईंनी पोत्याचा पडदा ओढून घेतला.

"मास्तरीन, भायेर हो," त्या म्हणाल्या. "आन अजून एक गंज ठेव. रोमच्या बाया आंग धुऊन राहिल्या."